बाजारातला पाला, उन्हाळ्यातली वैरण



थंडीत आठवडी बाजार उठला की मागे काय काय पडलेलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. फ्लॉवरचा पाला, कोबीची वरची पानं, वाटाण्याची टरफलं, मक्याच्या कणसांची सालं. आपण भारा बांधून आणतो, दोन दिवस गायीपुढे टाकतो. तिसऱ्या दिवशी ढिगाला वास सुटतो आणि तो उकिरड्यावर जातो. मग एप्रिलमध्ये त्याच घरात कडब्याची पेंढी विकत आणायची, नाहीतर दुभती गाय बाजार दाखवायची.

मक्याचा मुरघास बहुतेकींना ठाऊक आहे. भाजीपाल्याचाही होतो, पण त्यात खरी अडचण पाण्याची. फ्लॉवरच्या 10 किलो पाल्यात जवळजवळ 9 किलो पाणीच असतं. तसाच ड्रममध्ये दाबला तर मुरत नाही, सडतो. म्हणून त्यात कोरडी कुट्टी हवी. हिशेब सोपा आहे. 30 किलो पाल्याला 10 किलो कडब्याची कुट्टी घेतली, की सगळं मिळून पाणी शेकडा 70वर येतं. मुरायला एवढा ओलावा चालतो. पाला आधी अर्धा दिवस उन्हात पसरला तर आणखी बरं.

काटा नसला तरी अडत नाही. मिसळलेला माल मुठीत घट्ट दाबा. बोटांतून पाणी गळलं तर कुट्टी वाढवा. मूठ उघडताच सगळं भुरभुर सुटलं तर पाला वाढवा. हात ओलसर झाला आणि गोळा हळूहळू सुटला, की जमलं.

पाला बोटभर लांबीचा कापा. 40 किलो मालाला अर्धा किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडा. फळांच्या साली असतील तर गूळ नको, त्यांच्यात साखर असतेच. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने अननसाच्या साली आणि शेंड्यांचा मुरघास केला आहे. त्यातही रसाळ साली कमी, चिवट शेंडे जास्त!

झाकणाचा 200 लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम पुरतो. त्यात 100 किलोच्या वर माल बसतो. औषधाचा, रसायनाचा ड्रम मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. वीतभर थर टाका, तुडवा, पुन्हा थर. इथे कंटाळा नको, कारण आत हवा राहिली की बुरशी आलीच. काठोकाठ भरा, वर मेणकापड, घट्ट झाकण, आणि 45 दिवस हात लावू नका.

निवडताना डोळ्यांत तेल घाला. सुतळी, रबर, पिशव्यांचे तुकडे, तारा काढा. सडलेलं, बुरशी आलेलं, नुकतीच फवारणी झालेलं घेऊ नका. मोड आलेले हिरवे बटाटे नकोत. कांदाही नको, जास्त कांद्याने जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते.

उघडल्यावर आंबट-गोडसर वास आणि पिवळसर हिरवा रंग दिसला तर माल चांगला. काळा, बुळबुळीत, कुजका वास असलेला, बुरशीचा भाग फेकून द्या. गाय खाते म्हणून घालू नका. ती तर लग्नातला उरलेला भातही खाते, आणि मग कोठीपोटात आम्ल वाढून रवंथ थांबतो, गाय आडवी होते. गोड फळांचा ताजा ढीग एकदम पुढे टाकला तरी हेच होतं, हे काही भगिनींना पटत नाही. पण पशुवैद्यांना विचारा.

मुरघासही पहिल्या दिवशी किलोभरच, कोरड्या वैरणीत मिसळून. आठ-दहा दिवसांत वाढवत 5 किलोवर न्या. एका गायीला एक ड्रम साधारण 20 दिवस जातो. रोज वरचा थर सपाट काढायचा, मध्ये खड्डा करायचा नाही, आणि झाकण लगेच लावायचं. आणि हो, घालायचा तो धार काढून झाल्यावर. आधी घातला तर दुधाला त्याचा वास लागतो, आणि डेअरीवर दूध परत येतं.