हाताचा भाव
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

मी वक्ता नाही. दिवसा गोदीत माल उचलतो आणि रात्री जागून कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा जे बोलेन ते गोदीच्या भाषेत बोलेन, सांभाळून घ्या.

मागच्या बैठकीत क्युबाचा विषय निघाला होता. आपल्यातला एक जण म्हणाला, तिथले बेसबॉलवाले डॉलरसाठी अमेरिकेत पळतात, साले गद्दार. दुसरा उसळून म्हणाला, गद्दार कसले, गुलामीतून सुटले ते. दोघं हमरीतुमरीवर आले. मी गप्प बसलो, कारण मला दोघांचंही पटत नव्हतं. मग हाताला लागेल ते वाचत गेलो. आज त्याचं उत्तर द्यायला उभा आहे.

बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ. क्युबात तो गल्लीबोळात खेळतात. तिथं मार्तिन दिहिगो नावाचा काळा खेळाडू होऊन गेला. चेंडू टाकण्यात तरबेज, मारण्यात तरबेज, मैदानात कुठंही उभा करा. पण अमेरिकेच्या मोठ्या लीगचं दार त्याला बंद. कातडी काळी ना! गोऱ्या कातडीच्या क्युबनांना मात्र हीच लीग १९११ पासून घेत होती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सननं ती भिंत फोडली, तोवर दिहिगोची उमेदीची वर्षं सरली होती. १९७१ ला तो मेला आणि १९७७ ला अमेरिकेनं त्याला आपल्या मानाच्या दालनात बसवलं. जिवंतपणी दाराबाहेर, मेल्यावर भिंतीवर. ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९५९ ला क्रांती झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत धंदेवाईक खेळ बंद झाला. सरकारनं गरिबाच्या, काळ्याच्या पोराला मैदान दिलं, शिकवणारा दिला. त्या पोरांनी १९९२, १९९६ आणि २००४ ला ऑलिंपिकचं सोनं आणलं. हे खरं आहे आणि ते विसरणारा माणूस मला आपला वाटत नाही. पण त्याच सरकारनं खेळाडूच्या पायात दोरी बांधली, हेही खरं. पगार महिन्याला मोजके डॉलर. देशाबाहेर स्वतःच्या मर्जीनं करार करायचा नाही. २०१३ नंतर सरकार स्वतःच्या मार्फत जपानसारख्या देशांत काही खेळाडू पाठवू लागलं, पण अमेरिकेची वाट बंदच.

आता दोरी कशी आवळते ते बघा. ओर्लांडो हर्नांडेझ, ज्याला लोक 'एल दुके' म्हणत, हा क्युबाचा नावाजलेला गोलंदाज. त्याचा सावत्र भाऊ लिवान १९९५ ला पळाला. शिक्षा कुणाला? मागं राहिलेल्याला! १९९६ ला एल दुकेला खेळातून कायमचं काढलं. अशा माणसाला तुम्ही होडीत बसू नको म्हणून सांगणार? १९९७ च्या डिसेंबरात तो बसला आणि बहामाच्या एका ओसाड बेटावर जाऊन पडला. तिथून सुटका झाली. अमेरिकेनं त्याला व्हिसा देऊ केला. आणि तो कुठं गेला? कोस्टा रिकाला!

इथंच खरी मेख आहे. दुसरी दोरी वॉशिंग्टनची. १९६२ पासून अमेरिकेनं क्युबाशी व्यापार बंद केलाय. क्युबात राहणाऱ्या खेळाडूशी अमेरिकन संघाला करार करता येत नाही. तो पळून थेट अमेरिकेत उतरला तर नवख्यांच्या वाटणीत जातो, म्हणजे ज्या संघाच्या वाट्याला आला त्याच्याशीच बोलायचं, मिळेल तो भाव घ्यायचा. पण तिसऱ्या देशात जाऊन तिथला रहिवासी झाला, तर सगळे संघ बोली लावतात. एल दुकेला यांकीजनी ६६ लाख डॉलर दिले ते या वळणामुळं. क्युबा म्हणते जाऊ नको. अमेरिका म्हणते ये, पण सरळ येऊ नको. आणि या दोन दोऱ्यांच्या मधल्या पाण्यात उभा असतो तस्कर.

यासिएल पुइगचं घ्या. २०१२ ला तस्करांनी वेगवान बोटीनं त्याला मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर नेलं. मायामीतला एक जण पैसे पुरवणार होता, बदल्यात पुइगच्या पुढच्या कमाईतले वीस टक्के. पैशावरून दोघांचं वाजलं. मग पुइग मोटेलच्या खोलीत अडकून पडला. बरोबरच्या बॉक्सरनं नंतर शपथेवर सांगितलं, की पैसे आले नाहीत तर कोयत्यानं हात तोडू, अशी धमकी होती. हात! ज्या हातासाठी सगळा खटाटोप, तोच तोडायची भाषा. शेवटी दुसऱ्या माणसांनी त्याला तिथून उचललं, आणि त्याच जूनमध्ये डॉजर्सनी त्याच्याशी ४ कोटी २० लाख डॉलरचा करार केला.

दोस्तांनो, गोदीत हे मी रोज बघतो. पैसे भरले नाहीत की माल शेडमध्ये पडून राहतो आणि त्यावर डॅमरेज चढत जातं. पैसे टाका, माल सोडवा. त्या खोलीत पुइगवर डॅमरेज चढत होतं. फरक एवढाच, की गोणीला भीती वाटत नाही.

होसे अब्रेऊ पुढं शिकागोच्या संघाकडून खेळला. २०१३ ला हैतीहून मायामीला जाताना त्याच्या खिशात खोटा पासपोर्ट होता. विमानात त्यानं बियर मागवली आणि पासपोर्टचं पहिलं पान घोटाघोटानं गिळलं. हे त्यानंच २०१७ ला कोर्टात सांगितलं, आणि त्या खटल्यात एक एजंट व एक प्रशिक्षक तुरुंगात गेले. ६ कोटी ८० लाख डॉलरचा माणूस स्वतःचं खोटं नाव चावून खातो! आणि त्याचा लहानगा मुलगा मागं क्युबात.

होसे फर्नांडेझ तर पोरगाच. पळताना तीनदा फसला, कोवळ्या वयात तुरुंग बघितला. पंधराव्या वर्षी चौथ्यांदा निघाला. रात्री लाटेनं कुणालातरी बोटीतून ओढलं. यानं अंधारात उडी टाकली. जवळ गेल्यावर कळलं, ती त्याचीच आई. तिला त्यानं बाहेर काढली. हे सांगायला तो पोचला म्हणून आपल्याला कळलं. जे बुडाले, जे पकडले गेले, जे पोचले पण कुठल्याच संघानं घेतले नाहीत, त्यांचे फोटो कोण छापतो?

कुणी म्हणेल, मग स्टीव्हन्सनचं काय? तेओफिलो स्टीव्हन्सन, क्युबाचा काळा बॉक्सर, १९७२, ७६, ८० अशी तीन सुवर्णपदकं. अमेरिकेचे लाखो डॉलर त्यानं नाकारले. मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण दार उघडं असताना जो थांबतो त्याचं थांबणं झळाळतं. दाराला कुलूप लावून सगळ्यांनाच स्टीव्हन्सन म्हणायचं, ही लबाडी झाली.

आमच्या चाळीतला एक गवंडी आखातात गेला. एजंटानं कर्ज करायला लावलं, तिकडच्या मालकानं पासपोर्ट काढून घेतला. दोन वर्षांनी हाडं घेऊन परतला. त्याला कुणी गद्दार म्हटलं नाही, कारण त्याच्या हाताला कोटींचा भाव नव्हता. पण कागद दुसऱ्याच्या खिशात असले की राजमिस्त्री काय आणि गोलंदाज काय, दोघंही मालच.

आणि हे टाळता येत नव्हतं असं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेची लीग आणि क्युबाचा बेसबॉल महासंघ यांच्यात करार झाला होता. खेळाडूनं पळायचं नाही, स्वतःच्या पासपोर्टवर जायचं, घरी परत यायचं, संघानं महासंघाला मोबदला द्यायचा. एप्रिल २०१९ मध्ये ट्रम्प सरकारनं तो मोडला, कारण काय तर पैसा क्युबाच्या सरकारला जाईल. पैसा मग कुणाला गेला? पुन्हा बोटवाल्याला. २०२१ ला मेक्सिकोत तेवीस वर्षांखालची स्पर्धा झाली, तिथून क्युबाचा जवळजवळ निम्मा संघ परत आलाच नाही.

म्हणून मागच्या बैठकीतल्या दोघांनाही मी सांगतो. तो गद्दार नाही. आणि तो सुटलाही नाही. त्याची एका मालकाकडून दुसऱ्याकडं नेआण झाली, आणि मधल्या दलालानं जिवाची बोली लावली. आपण मागायचं ते एवढंच : कष्ट करणाऱ्याला स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पायानं, उजेडात जाता आलं पाहिजे. आणि आईला बघायला तसंच उजेडात परत येता आलं पाहिजे.

गोणीला परतीची वाट नसते. माणसाला असते. ती कुणी अडवली, हे आधी विचारा. शिवी नंतर द्या.

जय भीम.