साधनाचे वर्णन
(न्यासाच्या महोत्सवप्रसंगी कार्यालय-समितीच्या वतीने झालेले भाषण)



न्यासाच्या कार्याचा गौरव करण्यास आमच्याहून अधिकारी वक्ते व्यासपीठावर आहेत. आम्हां कार्यालय-समितीच्या मंडळींकडे निराळे काम आले आहे. ते म्हणजे आमच्या हातून झालेली एक चूक आपणांस सांगणे.

गतवर्षी धर्मशाळेच्या पत्रव्यवहारासाठी आम्ही कृत्रिम बुद्धीचा मदतनीस, ज्यास हल्ली एजंट म्हणतात, कामास लावला. खंडवा, खरगोन, बऱ्हाणपूर येथून इंदुरास उपचारासाठी येणारी मंडळी रात्री-अपरात्री मोबाइलवर खोलीची विचारणा करतात. त्यांस तत्काळ उत्तर मिळावे, एवढाच हेतू.

हा मदतनीस आपली नोंदवही स्वतः उघडत नाही. त्याच्या हाती साधनांची यादी दिलेली असते. प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास कोणती माहिती पुरवावयाची याचा तक्ता, एवढेच तो वाचतो. साधनाच्या पोटात कोणता प्रोग्राम चालतो हे सामान्यतः त्यास दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने अशी साधने जोडण्याचा 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यातही मांडणी हीच आहे. म्हणजे आपण लिहिलेले शब्द हेच त्याचे डोळे.

आणि आम्ही काय लिहिले होते? एका साधनाचे नाव 'मोकळी खोली', वर्णन 'खोली मोकळी', आणि भरावयाची माहिती 'क्रमांक'. लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ होता 'नोंदणी रद्द करून खोली मोकळी करणे'. बऱ्हाणपूरच्या एका कुटुंबाने आपला नोंदणी क्रमांक देऊन विचारले, "आजोबांना जिना चढवत नाही, तळमजल्यावरची खोली मोकळी आहे का?" मदतनिसाने नावावरून हेच साधन उचलले. साधनाने उत्तर दिले, "मोकळी." त्याने कुटुंबास कळविले, "खोली मोकळी आहे, अवश्य यावे." वस्तुतः त्यांची स्वतःची खोलीच त्या क्षणी सुटली होती, आणि सायंकाळपर्यंत ती दुसऱ्यांस दिलीही गेली.

ती मंडळी रात्री नऊच्या सुमारास रुग्णास घेऊन दारात उभी राहिली. व्यवस्थापकांनी सभागृहात गाद्या घातल्या, स्वतःच्या घरून भात-पिठले आणले. त्या कुटुंबाने एक शब्दही बोल लावला नाही, हे आम्हांस अधिक लागले.

प्रथम आम्ही यंत्रास दोष दिला. मग ते वर्णन कार्यालयात कधी न बसलेल्या एका भगिनीस वाचावयास दिले. त्यांनीही तोच अर्थ केला! यंत्राचा कैवार घेण्याची आम्हांस हौस नाही. पण मराठीत 'मोकळी असणे' आणि 'मोकळी करणे' यांतील क्रियापदच आम्ही गाळले होते.

आता त्या साधनाचे नाव 'नोंदणी रद्द करा' असे आहे, आणि वर्णन असे: 'हे साधन एक नोंदणी कायमची रद्द करते, ती परत आणता येत नाही. पाहुण्याने स्पष्ट शब्दांत रद्द करण्यास सांगितले असेल तरच वापरावे. खोली शिल्लक आहे का, किंवा बदलून मिळेल का, अशा विचारणेस वापरू नये. त्यासाठी 'शिल्लक खोल्या पाहा' हे साधन आहे. नोंदणी क्रमांक म्हणजे पावतीवरील क्रमांक, खोलीचा नव्हे.' उत्तरही आता 'मोकळी' असे न येता 'अमुक क्रमांकाची नोंदणी रद्द झाली' असे येते. तारखेच्या घरात 'वर्ष-महिना-दिवस' असा क्रम लिहून दिला आहे. नाहीतर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे, हा घोळ माणसांतही होतोच.

तथापि वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. कितीही नीट लिहिले तरी मदतनीस चुकू शकतो. म्हणून रद्द करण्यापूर्वी व्यवस्थापकांची संमती लागेल, अशी सोय प्रोग्राममध्येच केली आहे. हे आधी सुचावयास हवे होते.

अशी फसगत मोठ्यांचीही झालेली आहे. अँथ्रॉपिकच्याच अभियंत्यांनी नमूद केले आहे की त्यांचा मदतनीस कप्पा बदलल्यावर फायलींचे अर्धवट पत्ते देऊन चुकत असे. साधनाने मुळापासूनचा पूर्ण पत्ताच मागावा असे केल्यावर ती चूक थांबली. दुसऱ्या वेळी तो इंटरनेटवरील शोधास विनाकारण '२०२५' जोडू लागला आणि शोधाचे निकाल बिघडले. तेथे साधनाचे वर्णन सुधारल्यानेच काम भागले. उलट, वर्णने भाराभर लांबवूनही चालत नाही. मदतनिसास कामाबरोबर ती सारी वाचावी लागतात, आणि सारख्या तोंडावळ्याची दहा साधने दिली तर तो गोंधळतो. आम्हीही खोली पाहण्याची तीन साधने मोडून एक केले.

यंदा शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी साधन करावयास बसलो आणि 'उत्पन्न' या शब्दाशी अडलो. मासिक की वार्षिक? वडिलांचे की साऱ्या कुटुंबाचे? शेतीचे धरावयाचे की नाही? जुने अर्ज काढून पाहिले, तर प्रत्येक समितीने आपापल्या समजुतीने धरलेले. म्हणजे येथे लिहिणाऱ्याची चूक नव्हती. नियमच ठरलेला नव्हता, आणि त्यापायी कोणा विद्यार्थ्याचा अर्ज मागे राहिला असेल, तर तो आम्हांस आज शोधताही यावयाचा नाही. हा प्रश्न आम्ही विश्वस्त मंडळापुढे लेखी ठेवला आहे. निर्णय होईपर्यंत ते साधन बंद असून अर्ज पूर्वीप्रमाणे कार्यालयातच घेतले जातील.