श्वास रोखून धरा

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. हरिहरेश्वरला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. सुपारी काढताना बाबा पोफळीवरून पडले. मनगट बघता बघता सुजलं. गाडी करून त्यांना एका दवाखान्यात नेलं. तिथे एक्स-रेचं यंत्र होतं, पण ते चालवणारा रजेवर होता. मग तसंच माणगाव गाठलं. प्रत्येक खड्ड्याला बाबा डोळे मिटून घेत होते. ते यंत्र चालवायला आपण शिकायचं, हे मी त्या गाडीतच ठरवलं.

घरी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "एवढं शिकून फोटोच काढणार ना?" आजीची काळजी वेगळीच होती. "त्या किरणांनी पोरीला पुढे मूलबाळ व्हायचं नाही!" ती म्हणाली. दोघींनाही उत्तर देणं तेव्हा मला जमलं नाही. ते मुंबईतल्या प्रशिक्षणात मिळालं.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटगेन यांना हे किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. पण सुरुवातीच्या काळात धोका कुणाला ठाऊक नव्हता. स्वतःचा हात किरणांखाली धरून यंत्र तपासता तपासता कित्येकांनी बोटं गमावली. म्हणूनच आम्हाला आधी शिकवतात ते तीन शब्द: वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांत कमीत कमी वेळ राहायचं, लांब उभं राहायचं, मध्ये शिशाचा आडोसा ठेवायचा. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई होतो. आमच्या छातीवर टीएलडी नावाचा बिल्ला असतो. किती किरण अंगावर आले त्याचा हिशेब तो ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी तो तपासला जातो. आजीला मी हा बिल्ला दाखवला. आज मला दोन मुलं आहेत.

आणि आत्याचा "फोटो"? मनगट मोडलं असेल तर निदान दोन बाजूंनी पाहावं लागतं, कारण समोरून न दिसणारी चीर कडेने दिसते. डावं-उजवं दाखवणारं शिशाचं अक्षर विसरलं तर भलत्याच बाजूवर उपचार व्हायचे.

पण खरा धडा मला एका दुपारी मिळाला. बाहेर रांग होती. कंबर दुखते म्हणून एक तरुण सून सासूबरोबर आली. मी तिला टेबलावर झोपवलं आणि बटणाकडे वळले. आमच्या वरिष्ठ बाईंनी माझा हात धरला. सासूबाईंना बाहेर बसवून त्यांनी हळूच विचारलं, "पाळी कधी आली होती?" मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "दीड महिना झाला. घरी अजून सांगितलं नाही." एक्स-रे थांबवून तिला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. बाई मला एवढंच म्हणाल्या, "बटण दाबायला तू आठवड्यात शिकलीस. हे शिकायला वेळ लागतो."

आमच्या देवळामागची प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. गावचा माणूस आधी पाणी बघतो, भरती असेल तर उतरत नाही. आमचं कामही तसंच आहे.

म्हणून बायकांनो, दिवस गेल्याची शंका असेल तर आम्ही विचारण्याआधीच सांगा. जुन्या फिल्म फेकू नका, येताना घेऊन या. डॉक्टर नको म्हणत असताना "एक फोटो काढूनच टाका" असा हट्ट धरू नका. पण गरज असेल तेव्हा घाबरूही नका, छातीच्या एका एक्स-रेतला मारा अगदी थोडा असतो. आणि मुलांनो, बारावी शास्त्र शाखेनंतर या विषयाची पदविका किंवा पदवी घेता येते. मात्र फी भरण्याआधी संस्थेला मान्यता आहे का ते बघा. या व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ मध्ये कायदाही केला आहे.

मागे बाबांना खोकला झाला, तेव्हा त्यांच्या छातीचा एक्स-रे मीच काढला. छाती टेकवून, हनुवटी वर, खांदे पुढे करून त्यांना उभं केलं. "श्वास घ्या, रोखून धरा," म्हटलं. चित्र छान आलं. ते बघण्याच्या नादात पुढचं सांगायचंच राहिलं. पलीकडून बारीक आवाज आला, "अगं, सोडू का आता?"