डब्लिनच्या कोंदट खोल्यांतला नट : बॅरी फिट्झजेराल्ड



१८८८ साली डब्लिन शहरात जन्मलेला विल्यम शील्ड्स वयाची चाळिशी उलटेपर्यंत सरकारी कचेरीत कारकुनी करीत होता. दिवसा खर्डेघाशी आणि संध्याकाळी ॲबी नाट्यगृह, असा त्याचा अनेक वर्षांचा क्रम होता. सरकारी नोकराचे नाटकात वावरणे वरिष्ठांच्या डोळ्यांवर येऊ नये, म्हणून त्याने दुसरे नाव धारण केले. बॅरी फिट्झजेराल्ड हे ते नाव. पुढे सारे जग त्यांना याच नावाने ओळखू लागले. मूळचे नाव कचेरीच्या पटावरच राहिले.

घराणे प्रॉटेस्टंट होते. पण प्रॉटेस्टंट म्हटले की डोळ्यांपुढे येणारा जमीनदारी डौल त्या घरात नव्हता. वडील ॲडॉल्फस शील्ड्स हे डब्लिनमधील आरंभीच्या समाजवाद्यांपैकी एक आणि कामगारांचे संघटक. धाकटा भाऊ आर्थर हाही ॲबीचाच नट. १९१६ च्या ईस्टर उठावात तो बंदूक घेऊन उतरला आणि वेल्समधील फ्राँगॉखच्या छावणीत इंग्रजांचा बंदिवान झाला. थोरला भाऊ मात्र कचेरी आणि तालमी सांभाळीत राहिला. त्याच्या वाट्याचे रणांगण दहा वर्षांनी आले, आणि तेही रंगमंचावर.

ते त्यांच्यापुढे मांडले शॉन ओकेसी यांनी. ओकेसी हे अंगमेहनतीवर जगलेले मजूर. १९१३ साली डब्लिनच्या मालकवर्गाने टाळेबंदी पुकारून हजारो कामगारांची उपासमार केली. त्या लढ्यात पोलिसांच्या लाठ्यांपासून कामगारांचे रक्षण करण्यासाठी जी सिटिझन आर्मी उभी राहिली, तिचे ओकेसी काही काळ सचिव होते. जुन्या श्रीमंती हवेल्यांच्या खोल्या पाडून त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे कोंबलेली, एकेका जिन्यावर क्षयाचा खोकला घुमणारा, ते डब्लिन त्यांनी नाटकात आणले. तिथली बोली जशीच्या तशी तोंडात खेळवील असा नट त्यांना हवा होता. तो त्यांना या ठेंगण्या, जाड भुवयांच्या कारकुनात सापडला.

१९२४ साली ॲबीत आलेल्या ‘जूनो अँड द पेकॉक’ मधील कॅप्टन बॉयल ही फिट्झजेराल्ड यांची भूमिका. काम मिळाल्याची वार्ता कानी पडताच ज्याचे पाय दुखू लागतात, जन्मात नावापुरताच समुद्र पाहिलेला असूनही जो दर्यावर्दी म्हणून फुशारक्या मारतो, असा हा बाप. यादवी युद्धाचे दिवस आहेत, मुलगी संपावर आहे, मुलाने लढ्यात हात गमावला आहे आणि घर एकट्या जूनोच्या खांद्यावर आहे. प्रेक्षक बॉयलला हसतात आणि हसतच राहतात. शेवटी मुलाला गोळ्या घातल्या गेल्या, बायको मुलीला घेऊन निघून गेली, कर्जापायी सामान उचलून नेले. आणि त्या उघड्याबोडक्या खोलीत याचा पत्ताही नसलेला बॉयल झिंगत परत येतो. तो तेव्हाही विनोदीच बोलतो. हसवणारा नट पुष्कळांना होता येते. तेच हसू प्रेक्षकाच्या घशात अडकवणारा नट विरळा.

१९२६ च्या फेब्रुवारीत ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’ आले. सिटिझन आर्मीच्या ध्वजावर नांगर आणि तारे होते, त्यावरून हे नाव. विषय ईस्टर उठावाचाच. परंतु उठाव दिसतो तो गरिबांच्या खिडकीतून. दारूच्या गुत्त्यात एक वेश्या बसली आहे, बाहेर पुढाऱ्याचे रक्तार्पणाचे भाषण चालू आहे आणि स्वातंत्र्याचे ध्वज त्या गुत्त्यात आणले जातात. चौथ्या प्रयोगाला नाट्यगृहात दंगल उसळली. निदर्शक रंगमंचावर चढले, तेव्हा त्यांच्यापैकी एकाला फिट्झजेराल्ड यांनी ठोसा लगावून खाली पाठवले, असे सांगतात.

निदर्शकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. त्यांच्या अग्रभागी हॅना शीही-स्केफिंग्टन होत्या. त्यांचे पती फ्रान्सिस हे शांततावादी आणि समाजवादी. उठावाच्या आठवड्यात ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना खटल्याविना गोळ्या घालविल्या होत्या. ज्यांच्या घरातली माणसे गेली, त्यांना आपले दुःख गुत्त्यात ठेवलेले पाहवले नाही. परंतु त्या खोल्यांत राहणाऱ्यांच्या पदरात काय पडले, हा ओकेसी यांचा प्रश्नही तितकाच खरा होता. त्याच नाटकात आर्थर शील्ड्स लेफ्टनंट लँगन झाले होते. म्हणजे खऱ्या उठावातला सैनिक त्या उठावाची झडती घेणाऱ्या नाटकात उभा होता! फिट्झजेराल्ड यांची भूमिका फ्लुथर गुड या सुताराची. तो पितो, भांडतो, लुटीच्या दारूवर तुटून पडतो. आणि हाच माणूस गोळीबारातून शेजारणीला शोधायला जातो, क्षयाने मेलेल्या पोरीच्या दफनाची सोय लावतो.

१९२८ साली ॲबीने ओकेसी यांचे ‘द सिल्व्हर टॅसी’ नाकारले. ते १९२९ मध्ये लंडनला झाले, तेव्हा त्यात काम करण्यासाठी फिट्झजेराल्ड यांनी अखेर नोकरीवर पाणी सोडले. पुढे जॉन फोर्ड यांनी त्यांना हॉलीवूडला नेले. १९३६ च्या ‘प्लाऊ’ चित्रपटात फ्लुथर तेच झाले आणि आर्थर चक्क उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स! मात्र त्या चित्रपटाची काही दृश्ये स्टुडिओने परस्पर पुन्हा चित्रित करून घेतली.

हॉलीवूडने त्यांना पैसा आणि कीर्ती दिली व बदल्यात त्यांच्यातले डब्लिन काढून घेतले. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’ मधील तिरसट, लोभस म्हातारा पाद्री त्यांनी असा वठवला की एकाच भूमिकेसाठी प्रमुख आणि साहाय्यक अशा दोन्ही गटांत ऑस्करचे नामांकन झाले. नंतर अकादमीला नियमच बदलावा लागला. साहाय्यक गटातले पारितोषिक मिळाले. युद्धामुळे धातूची टंचाई असल्याने ती बाहुली प्लास्टरची होती; घरात गोल्फचा सराव करताना काठी लागून तिचे मुंडके उडाले. भूमिका कसबाची खरीच; पण गोड आयरिश म्हाताऱ्याचा एक साचा तयार झाला आणि पुढे बहुधा तोच मागितला गेला. अपवाद आहेत. ‘द लाँग व्हॉयेज होम’ मधील खलाशांत ते शोभतात. न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या ‘द नेकेड सिटी’ (१९४८) मधील पोलीस अधिकारीही पाहण्याजोगा आहे. त्याचे एक पटकथाकार अल्बर्ट माल्ट्झ पुढे राजकीय मतांपायी तुरुंगात गेले आणि दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन यांना काळ्या यादीमुळे युरोप गाठावा लागला.

कोंदट खोल्यांच्या बिऱ्हाडांतली माणसे उभी करणाऱ्या नटाने पाद्री आणि मध्यस्थ का व्हावे, असा दोष देणारे आहेत. परंतु चाळिशीपर्यंत कारकुनी करून रात्री नाटक जगवणाऱ्या माणसाला भाकरीचा हिशेब विचारण्यापूर्वी, त्याच्या शहराने त्याला पोटापुरते काय दिले हेही विचारले पाहिजे.

१९५१ च्या उन्हाळ्यात फोर्ड यांची मंडळी ‘द क्वाएट मॅन’ च्या चित्रीकरणासाठी पश्चिम आयर्लंडमधील काँग गावी आली. फिट्झजेराल्ड त्यात लग्ने जुळवणारा इरसाल मध्यस्थ झाले. त्याच वर्षीच्या जुलैत डब्लिनला ॲबी नाट्यगृह आगीत जळाले. त्या रात्री तिथे ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’ चा प्रयोग झाला होता. फिट्झजेराल्ड अखेरीस डब्लिनला परतले आणि जानेवारी १९६१ मध्ये तिथेच वारले. नवे ॲबी उघडायला तेव्हा आणखी पाच वर्षे होती.