उन्हाची ड्रिल : सनस्क्रीन, घरातल्या सगळ्यांसाठी



मी सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आता महूला स्थायिक आहे. आजचा विषय घरी सांगितला तेव्हा आमच्या सौ. हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही आणि सनस्क्रीन? तीस वर्षं त्या ट्यूबला नावं ठेवलीत तुम्ही!"

खरं आहे. आमची मुलगी कॉलेजात असताना तिनं सनस्क्रीन मागितलं, तर मी म्हणालो होतो, "हे नट्यांचे चोचले आहेत. उन्हात रापलेला चेहरा ही कष्टाची खूण असते." ती गप्प बसली. पुढं आपल्या पैशांतून आणत राहिली. आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो थोडा तिची माफी मागायला. माझ्या डाव्या कानशिलावर ही जी रेघ दिसते ना, ती टाक्यांची आहे. लढाईत नाही मिळाली. उन्हात मिळाली.

तिच्याकडे येतोच. आधी १९८६ सालची एक गोष्ट सांगतो.

मार्च महिना होता. मी तरुण कॅप्टन, लडाखमध्ये. आमच्या डॉक्टरांनी गस्तीवर जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडाला लावायचं क्रीम आणि काळा चष्मा बंधनकारक केला होता. निघण्यापूर्वी मी जवानांना रांगेत उभं करून आदेश वाचून दाखवला. पण मी स्वतः काही ते लावलं नाही. पांढरं तोंड करून जवानांसमोर उभं राहायची लाज वाटली. थंडी एवढी की हात हातमोज्यातून बाहेर निघत नव्हता. अशा थंडीत ऊन कसलं लागणार, असंही वाटलं.

जवान ऐकतात ते कानांनी, पण शिकतात डोळ्यांनी. साहेबानं लावलं नाही, म्हणून निम्म्यांनी लावलं नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याकडच्या एका शिपायाचे ओठ सुजले, नाकाची सालटी निघाली. चार दिवस त्याला डाळीचं पाणीसुद्धा नीट पिता येईना. मी भेटायला गेलो तर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझीच चूक झाली साहेब." चूक त्याची नव्हती. ती माझी होती, आणि ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. आज सांगतोय.

आता थंडीत ऊन कसं भाजतं ते समजून घ्या. उन्हाची ऊब वेगळी आणि उन्हातले अतिनील किरण वेगळे. ऊब आपल्याला जाणवते, अतिनील किरण जाणवत नाहीत. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढलात की हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे तिथं एक तृतीयांशाहून जास्त वाढ झालीच. त्यात ताजं बर्फ यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतं. म्हणजे वरून मारा आणि खालूनही मारा! म्हणून तिथं हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही भाजतं. हल्ली आपली मंडळी सुट्टीत लेहला, मनालीला, सिक्कीमला जातात. स्वेटर, मफलर, कापूर सगळं नेतात. ही ट्यूब मात्र घरी राहते.

पण हे फक्त डोंगरावरचं नाही. हे किरण दोन तऱ्हेचे असतात. यूव्हीबी त्वचा भाजतात, लाल करतात. यूव्हीए खोलवर जातात, डाग पाडतात, सुरकुत्या आणतात. साध्या काचेतून यूव्हीबी बहुतेक अडतात, पण यूव्हीए आत येतात. विरळ ढगांतून तर दोन्ही येतात. त्वचेचा कर्करोग होण्यात या दोन्हींचा हात असतो.

आता कानशिलाची गोष्ट. चार वर्षांपूर्वी दाढी करताना तिथं एक बारीक पुटकुळी लागली. वाटलं, पात्यानं कापलं असेल. खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त यायचं. असं पाच महिने चाललं. शेवटी मुलीनं हात धरून त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "सर, नोकरीत गाडी तुम्ही चालवायचात?" म्हटलं, "नाही, ड्रायव्हर असायचा. मी शेजारी, डावीकडे बसायचो." त्या म्हणाल्या, "म्हणूनच सगळे डाग डाव्या बाजूला जास्त आहेत." वीस-पंचवीस वर्षं उघड्या जोंगात डावी बाजू बाहेर, आणि डोक्यावर बेरे टोपी. बेरे दिसते रुबाबदार, पण कानावर, कानशिलावर सावलीचा कणही पाडत नाही.

तुकडा तपासायला गेला. बेसल सेल कार्सिनोमा निघाला. त्वचेच्या कर्करोगांतला हा सावकाश वाढणारा, वेळेत काढला तर बहुधा पूर्ण बरा होणारा प्रकार. भूल देऊन तेवढाच भाग काढला, संध्याकाळी घरी आलो. "एकट्या उन्हावर बोट ठेवता येत नाही, पण उन्हाचा वाटा मोठा असतो," असं डॉक्टर म्हणाल्या. मुलगी एक शब्द बोलली नाही. तिनं ट्यूब आणून माझ्या दाढीच्या सामानात ठेवली.

तुम्हाला घाबरवायचं नाहीये. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं आणि ते आपलं बऱ्यापैकी रक्षण करतं. गोऱ्या लोकांच्या मानानं आपल्याकडे त्वचेचा कर्करोग खूपच कमी होतो. पण कमी म्हणजे शून्य नाही. शिवाय वांग, काळे डाग, अकाली सुरकुत्या, डोळ्यांत मोतीबिंदू या सगळ्यांत उन्हाचा हात असतो. आणि एक गोष्ट ठासून सांगतो : सनस्क्रीन हे गोरं होण्याचं क्रीम नाही. गोरं होण्यासाठी लावू नका. सावळी मुलगी सावळीच छान दिसते. आपण तिचा रंग बदलायला नाही, तिची त्वचा राखायला लावतो.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं? चार गोष्टी.

पहिली, एसपीएफ. हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के किरण अडवतं, ३० हे ९७ टक्के आणि ५० हे ९८ टक्के. म्हणजे ३० वरून ५० वर गेलात तर फरक एका टक्क्याचा. रोजच्यासाठी ३० पुरेसं आहे. दिवसभर उन्हात, डोंगरावर, समुद्रावर असाल तर ५० घ्या. आणि हा आकडा मिनिटांचा नाही. ३० लावलं म्हणजे ३० मिनिटं निर्धास्त, असं नसतं.

दुसरी, यूव्हीएपासून संरक्षण. डब्यावर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं असावं, किंवा 'पीए' आणि पुढं अधिकची चिन्हं. तीन किंवा चार चिन्हं असलेलं घ्या.

तिसरी, घाम. पोहायला जाणारे, खेळणारे, घाम येणारे यांनी 'वॉटर रेझिस्टंट' घ्यावं. पण पाण्यातून बाहेर आल्यावर, टॉवेलनं पुसल्यावर पुन्हा लावायचंच.

चौथी, तारीख. आपल्याकडे सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडतं. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत वेष्टनावर असलीच पाहिजे. मुदत संपलेलं टाकून द्या. गाडीच्या कप्प्यात ट्यूब ठेवू नका. मे महिन्यात तिथं ती शिजते.

किंमत पाहून बुजू नका. महाग म्हणजे चांगलं असं नाही. ज्याला वास नाही, जे चिकचिकत नाही आणि म्हणून जे तुम्ही रोज लावाल, ते चांगलं.

आता खरी मेख, ती म्हणजे किती लावायचं. तर्जनी आणि मधलं बोट पुढं करा. दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. एवढं चेहरा आणि मानेला लागतं, साधारण एक ग्रॅम. डब्यावरचा आकडा असं भरपूर लावूनच मोजलेला असतो. निम्मं लावलं तर संरक्षण एकदम घसरतं. आता हिशोब करा. ५० ग्रॅमची ट्यूब, घरात चार माणसं, दिवसातून एकदा लावलं तरी बारा दिवसांत संपली पाहिजे. तुमच्याकडे ती वर्षभर पुरत असेल, तर ती लावली जात नाही, नुसती हुंगली जाते!

आता म्हणाल, एवढा खर्च रोज कुठून करायचा? बरोबर आहे. म्हणून सैन्यातला नियम वापरा : आधी आडोसा, मग चिलखत. सावली आणि कपडा हा आडोसा, सनस्क्रीन हे चिलखत. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी, छत्री, पदर, ओढणी. स्कूटरवर चेहऱ्याला स्कार्फ बांधणाऱ्या मुलींना आपण हसतो, पण शहाण्या त्याच आहेत. आपल्या आज्या डोईवर पदर आणि आजोबा खांद्यावर उपरणं उगाच नव्हते घेत. जेवढं अंग झाकाल तेवढं क्रीम वाचतं. उरलेल्या उघड्या जागी मात्र कंजुषी नको. सकाळी दहा ते दुपारी चार जास्त जपा. घड्याळ नसेल तर सावली बघा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की ऊन कडक आहे असं समजा.

लावायची पद्धत सोपी आहे. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. डास पळवणारं मलम लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, वरून ते. हमखास विसरायच्या जागा म्हणजे कान, मानेची मागची बाजू, पायांचे पंजे, ओठ, आणि माझ्यासारख्यांचं टक्कल. ओठांसाठी एसपीएफ असलेला बाम मिळतो. खोबरेल, हळद, बेसन, कोरफड यांचे गुण त्यांच्या जागी आहेत. पण उन्हात जाताना ती सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाहीत.

आता घरातल्या एकेकाकडे वळू.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सनस्क्रीन नको. त्याची त्वचा फार कोवळी असते. सावली, टोपडं आणि झबलं पुरे. त्यापुढच्या मुलांना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं घ्या, ते सहसा झोंबत नाही. पहिल्यांदा हातावर थोडं लावून दिवसभर बघा. आमचा नातू क्रिकेटला जातो. त्याची आई घरी एकदा लावून देते आणि दुसऱ्यांदाचं काम माझ्याकडे. पाणी प्यायच्या सुट्टीत मी ट्यूब घेऊन मैदानाच्या कडेला उभा असतो. आता त्याचे मित्रही रांग लावतात.

वांग असलेल्या बायकांना रंगछटा असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं. कारण डाग साध्या दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतात.

आमच्या वयाच्या मंडळींनी आपल्या गोळ्या बघाव्यात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः हायड्रोक्लोरोथायझाइड, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं यांच्यामुळे ऊन जास्त लागू शकतं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. 'ड' जीवनसत्त्वाचीही काळजी वाटते ना? आपल्याकडे त्याची कमतरता खूप आहे, घरात बसणाऱ्यांतही आहे. त्यावर उपाय दुपारी भाजून घेणं हा नाही. तपासणी करा, कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतील.

आणि महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहा. चार-सहा आठवड्यांत बरी न होणारी जखम, रक्त येणारी पुटकुळी, आकार किंवा रंग बदलणारा तीळ दिसला तर दाखवून या. आपल्या लोकांनी तळपाय, तळहात आणि नखांखालचे काळे डागही बघावेत. मी पाच महिने घालवले, तुम्ही पाच दिवस घालवू नका.

शेवटचं. आमच्या घरी बागेला एक माळी येतात. पन्नाशीचे आहेत, उघड्या डोक्यानं भर दुपारी काम करायचे. मागच्या उन्हाळ्यात त्यांना म्हटलं, "मामा, टोपी घालत जा, सकाळी लवकर या, दुपारी नको." ते हसले, हो म्हणाले, आणि टोपी काही घातली नाही. मला १९८६ आठवलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः रुंद काठाची टोपी घालून, कानांना, मानेला क्रीम लावून बागेत गेलो. दोन टोप्या आणल्या होत्या, एक त्यांना दिली. त्यांच्याबरोबर तासभर वाफे केले. तेव्हापासून ते टोपी घालतात आणि अकराच्या आत काम आटोपून घरी जातात.

घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगतो. मुलांना आदेश देऊ नका. उद्या सकाळी त्यांच्यासमोर उभे राहा, दोन बोटांवर दोन रेघा काढा आणि आधी स्वतःच्या तोंडाला लावा. पांढरं दिसलं तर दिसू द्या. मी ते चाळीस वर्षं उशिरा केलं.

जय हिंद.