विजयदुर्गची आग

१७४९ साली साताऱ्यात छत्रपती शाहू महाराज वारले आणि आंग्रे-पेशवे यांना बांधून ठेवणारा धाक संपला. मराठा आरमाराचे सरखेल तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात. चिडलेल्या नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये चक्क इंग्रजांशी हातमिळवणी केली.

फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांची जहाजं एकमेकांना खेटून नांगरलेली. इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यातून सुटलेला गोळा ‘रिस्टोरेशन’वर फुटला. हे जहाज तुळाजींनी इंग्रजांकडूनच हिसकावलेलं! बघता बघता अख्खं आरमार पेटलं.

पेशव्यांच्या फौजेआधी इंग्रज किल्ल्यात घुसले. सुमारे १० लाखांची लूट आपसातच वाटून मोकळे झाले.

पेशव्यांच्या हाती लागलेले तुळाजी कैदेतच वारले. पेशव्यांनी घरचा शत्रू संपवला खरा, पण किनारा उघडा पाडला. विजयदुर्ग त्यांच्या हाती पडला तो ऑक्टोबरात, बाणकोट इंग्रजांकडे सोडून.