घरांतलें जाळें : तारेचें आणि बिनतारी



घर बांधावयास निघालेला गृहस्थ नळ कोठें, मोरी कोठें, देवघर कोणत्या दिशेस, याचा विचार महिनोन्‌महिने करतो. विजेचीं बटणें कोठें असावींत यावर तर घरांत वादहि होतात. परंतु मुलांचें शिक्षण, कर्त्या माणसाची नोकरी आणि परदेशीं गेलेल्या लेकीचें दर्शन ज्या इंटरनेटवर आज अवलंबून आहे, त्याचा विचार मात्र भिंतींना रंग देऊन झाल्यावर सुचतो. हा उलटा क्रम मींहि केला, आणि त्याचें प्रायश्चित्त माझ्या नातीला भोगावें लागलें. म्हणून आजचें हें भाषण तज्ज्ञाचें नव्हे, एका चुकलेल्या मास्तराचें आहे, असें समजून ऐकावें.

गोष्ट २०२१ सालची. शाळा बंद होत्या आणि नात आंतल्या खोलींत बसून परीक्षा देत होती. आमचें घर जुनें, दगडी, भिंती दीड हात जाडीच्या. इंटरनेटची तार ज्या खिडकींतून घरांत आली, तिच्याच खालीं, लोखंडी कपाटामागें राऊटर ठेवून जोडणी करणारा माणूस निघून गेला होता. पेपराच्या ऐन मध्यांत पडद्यावरचें चक्र फिरूं लागलें तें थांबेचना. ‘आजोबा, माझीं उत्तरें गेलीं,’ एवढेंच म्हणून ती दारांत उभी राहिली. त्या विषयांत तिला जे गुण पडले ते तिचे नव्हते. ते माझ्या भिंतीचे होते. ‘आधीं आराखडा, मग निबंध’ असें आयुष्यभर मुलांना सांगणाऱ्या माझ्याच घराला आराखडा नव्हता.

पुढें पावसाळा संपल्यावर घराची डागडुजी काढली, तेव्हां मीं नव्या तारा घालण्याचा बेत सांगितला. वायरमन हंसून म्हणाला, ‘गुरुजी, आतां सगळें बिनतारी झालें. तारा कशाला पुरतां?’ त्याचा प्रश्न पुष्कळांच्या मनांत असतो, म्हणून त्याचेंच उत्तर प्रथम देतों.

बिनतारी लहरींचा चमत्कार आपणांस नवा नाहीं. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं मधें तार नसतां दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आपण ज्याला वायफाय म्हणतों त्याचें पहिलें प्रमाण १९९७ सालीं ठरलें. घरांतील बहुतेक राऊटर दोन प्रकारच्या लहरी वापरतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारें १२ सेंटिमीटर लांबीची. ती मंद, पण भिंतींतून त्यांतल्या त्यांत बरी जाते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारें ६ सेंटिमीटरची. ती वेगवान, पण भिंत आड आली कीं लवकर दमते. दगड, लोखंडी सळ्यांचें काँक्रीट, आरसा, पाण्याची टांकी आणि लोखंडी कपाट हे दोघींचेहि शत्रु. मायक्रोवेव्ह भट्टीहि २.४ गिगाहर्ट्‌झच्याच सुमारास चालते. ती सुरू असतां त्या लहरीवर उपद्रव होऊं शकतो.

दुसरी अडचण वर्गाच्या उदाहरणानें सांगतों. वर्गांत एका वेळीं एकानेंच बोलावें, इतरांनीं तो थांबेपर्यंत वाट पाहावी, असा नियम असतो. एकाच वाहिनीवरील वायफायची यंत्रें असाच नियम पाळतात. घरांत चार यंत्रें असलीं तर निभतें. पंधरा झालीं, त्यांत शेजाऱ्यांच्या राऊटरांची भर पडली, कीं प्रत्येकाची पाळी उशिरां येते. तारेनें जोडलेल्या यंत्राला मात्र स्वतंत्र रस्ता असतो, आणि त्यावरून जाणें व येणें एकाच वेळीं चालतें. म्हणून जें यंत्र जागचें हलत नाहीं, तें तारेला बांधावें; जें हातांत घेऊन हिंडावयाचें, त्यालाच बिनतारी वाट द्यावी. माझ्या अनुभवाचें सार या एका वाक्यांत आहे.

आतां प्रत्यक्ष आंखणी. प्रथम कागदावर घराचा नकाशा काढावा आणि टेलिव्हिजन, अभ्यासाचें टेबल, कचेरीचें काम करण्याची जागा, दारावरचा कॅमेरा, अशा स्थिर जागांवर खुणा कराव्यात. नंतर सर्व तारा जेथें एकत्र येतील अशी कोरडी, हवेशीर आणि वीज असलेली एक जागा निवडावी. तेथें राऊटर व स्विच ठेवावा आणि तेथून प्रत्येक खुणेपर्यंत स्वतंत्र तार न्यावी. वीज गेल्यावरहि काम चालावें म्हणून तेथेंच लहानसा बॅटरीचा संच असावा.

तार ‘कॅट-६’ प्रकारची घ्यावी. तिच्यांत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. पीळ असल्यानें बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो. पलीकडचें यंत्र दोहोंतील फरकच पाहत असल्यामुळें तो आपोआप वजा होतो. एक सलग जोडणी १०० मीटरपर्यंत चालते. आपल्या घरांना एवढें पुष्कळ झालें. तार शुद्ध तांब्याची आहे ना, हें विचारून घ्यावें. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, पण ती ठिसूळ असते व तिचा विरोधहि अधिक.

भिंतींत झिरी पाडाल तेव्हां ही तार विजेच्या तारेच्या नळींतून कधींहि नेऊं नये. तिची नळी निराळी असावी, विजेच्या नळीपासून अंतर राखून असावी, आणि जेथें ओलांडणें भाग असेल तेथें काटकोनांत ओलांडावी. नळी ऐसपैस घ्यावी व आंत एक दोरी ओढून ठेवावी. दहा वर्षांनीं तार बदलणाराला भिंत फोडावी लागणार नाहीं. भाड्याच्या घरांत राहणारांनीं निराश होऊं नये. भिंतीच्या कडेनें केसिंगची पट्टी मारून तीच तार नेतां येते.

राहिली बिनतारी बाजू. तिचें यंत्र कोपऱ्यांत किंवा कपाटामागें न ठेवतां घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवावें. घर मोठें वा भिंती जाड असतील तर दुसरें यंत्र लावावें. पण तें पहिल्याच्या लहरींवर विसंबून न ठेवतां तारेनें जोडावें. नाहीं तर ऐकलेलें पुन्हां सांगण्यांतच त्याचा बराच वेळ जातो. दोन यंत्रें असल्यास २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ व ११ यांपैकीं भिन्न वाहिन्या द्याव्यात, म्हणजे तीं एकमेकांच्या बोलण्यांत बोलणार नाहींत. आणि यंत्राबरोबर आलेला संकेतशब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. घराला कुलूप लावून किल्ली दाराला लटकवूं नये!

वायरमनला मीं शेवटीं एवढेंच विचारलें, ‘बाबा, बिनतारी यंत्राच्या मागें काय असतें?’ त्यानें यंत्र फिरवून पाहिलें आणि स्वतःच उत्तर दिलें, ‘तारच कीं, गुरुजी!’

आंतल्या खोलींतील टेबलापाशीं आतां भिंतींत एक लहानसें बूच आहे. तार नळींतून ओढतांना दोरीचें दुसरें टोंक नातीच्याच हातांत होतें. त्याच टेबलावर बसून ती आज अभ्यास करते, आणि ‘आजोबा’ म्हणून हांक मारते ती चहा झाला का एवढेंच विचारण्यासाठीं. गेलेले गुण मला तिला परत देतां आले नाहींत. पण आपल्यापैकीं कोणाचें घर अद्यापि कागदावरच असेल, तर त्या नकाशावर आणखी एक रेघ ओढण्यास अजून वेळ आहे.